डावा हात खिशात

८ जानेवारी

फुकट! अक्षरशः फुकट! छापखान्याचा मालक म्हणाला, "घेऊन जा हो बाई, जागा अडवून बसलाय नुसता." कॉम्प्युटरचा पिवळा पडलेला डबा, कीबोर्डच्या फटींत शाई, आणि मॉनिटर एवढा जड की माझी कंबरच धरली. सून घरात भंगार आणते आणि सासरे दारात उभे राहून टाळ्या वाजवतात, असं घर बहुतेक माझंच!

नवरा म्हणाला, "आणखी एक? आता मला पायरीवर अंथरूण टाकून द्या."

हिचं नाव ठेवलं म्हातारी.

११ जानेवारी

म्हातारी उघडली. आतली बॅटरी कधीतरी फुटलेली. हिरवट पाणी बोर्डभर पसरून तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्यात. माझं तोंड बघून सासरे, आमचे बाबा, म्हणाले, "रडायचं नाही. व्हिनेगर आण आणि नवऱ्याचा टूथब्रश आण." (जुनाच आणला.) दुपारभर घासत बसलो. ऑफिसं-ऑफिसं फिरून मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली, ते हात अजून तसेच चालतात.

१९ जानेवारी

तुटलेल्या रेषा केसाएवढ्या वायरींनी जोडल्या. ते माझं काम, कारण बाबांना आता बारीक दिसत नाही. मॉनिटर मात्र त्यांचा. चालू मॉनिटरच्या पोटात एकच हात घालायचा, डावा खिशात! दोन्ही घातले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या खोलीत बसले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "खिसा कुठाय?" शिंपिणीला सगळ्या कुर्त्यांना खिसे लावायला सांगितले, तर ती म्हणाली, "एवढं काय ठेवता त्यात?"

२ फेब्रुवारी

 आत्ताच लिहून ठेवते.

दुपारी चहा घेऊन गेले. मॉनिटर उघडा, पिन भिंतीवरच्या बोर्डात, बटण चालू. आणि बाबांचे दोन्ही हात आत. दोन्ही! एखाद्या भांड्यात हात घालून खंगाळत बसावं तसे निवांत.

ओरडले असते तर ते दचकले असते. दाराशी चहा ठेवला, पाय न वाजवता बाहेर गेले, मेन स्विच ओढला. पंखा थांबला.

"लाईट गेली वाटतं," बाबा म्हणाले.

"हो ना, गेली."

लाईट गेली तरी मॉनिटरच्या काचेच्या नळीत करंट साठून राहतो, तो आधी उतरवून घ्यावा लागतो. हे त्यांनीच मला शिकवलेलं. म्हणून कप पुढे केला. "गार होतोय, बाबा." आधी एक हात बाहेर आला. मग दुसरा. मी ते दोन्ही हात कपासकट धरून ठेवले. ते म्हणाले, "तुला काय झालं गं?"

३ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

नवरा जेवताना हसत होता. "बाबा मला 'साहेब' म्हणाले! 'साहेब, मशीन संध्याकाळपर्यंत मिळेल.' काय गंमत करतात ना!" मीही हसले. 

औषधाच्या दुकानात उभी असते मी. विसरण्यावरच्या गोळ्या रोज कुणाला ना कुणाला देते. त्या कुठवर पुरतात तेही मला ठाऊक आहे. पण घरात सांगितलं तर नवरा त्याच दिवशी खोलीला कुलूप घालेल. मग हा माणूस दिवसभर काय करील? भिंतीकडे बघत बसेल? मी दुकानातली पाळी बदलून घेतली. बाबांना सांगितलं, दुपारी गिऱ्हाईक नसतं. चक्क थाप. आता ते खोलीत असतील तेव्हा मी खोलीत.

१६ फेब्रुवारी

म्हातारी चालू झाली! आधी कुरकुरली, मग पिक् केलं, मग काळ्या काचेवर हिरवी अक्षरं! मी नाचले. बाबांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, जवळ येऊन तिच्यावरून हात फिरवला.

मग म्हणाले, "छान आहे गं. कुठून आणलीस?"

२७ फेब्रुवारी

दुकानातून आले, तर खोलीत सगळ्या मशीनच्या वायरी कापलेल्या! म्हातारीची, त्या दोन जुळ्या मशीनची, लग्नाआधीपासून बाबांकडे आहे तिचीसुद्धा. पिना खोक्यात नीट रचून ठेवलेल्या. माझ्या अंगाची आगआग झाली. तडक नवऱ्याला फोन.

"लाज नाही वाटली? मला एका शब्दाने विचारायचं तरी!"

"कशाबद्दल बोलतेयस तू? मी त्या खोलीत पाय तरी ठेवतो का?"

"कळलं असेल तुला, म्हणून कापल्यास!"

"काय कळलं?"

फोन ठेवला. पण बाण सुटला होता. तो घरी आल्यावर सगळं सांगितलं — मॉनिटर, दोन हात, पाळीची थाप. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "इतके दिवस तू..." एवढंच म्हणाला आणि बाबांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. ते झोपले होते. वायरी मी कापल्या नाहीत, म्हणतो. माझा विश्वास नाही बसत.

२८ फेब्रुवारी

बाबांनी कापल्या.

सकाळी आपण होऊनच सांगितलं, पेपरची घडी घालता घालता. मी म्हटलं, "बाबा, मला सांगायचंत ना!"

"तू कापू दिल्या नसत्यास. काल डोकं ठिकाणावर होतं, म्हणून कालच उरकून घेतलं."