सालीवरचं ऑर्किड

आई,

हे तुमाले चष्म्याच्या दुकानातून घरी आणतील, तेव्हा मी कामठ्याले शाळेत शिकवत असीन. वरण गरम करून जेवा. डोळ्यात थेंब टाकायले विसरू नका.

नव्या चष्म्यानं आधी ही चिठ्ठी वाचा, मग न्हाणीच्या खिडकीजवळ जा. झाडाच्या सालीच्या तुकड्यावर लावलेलं तुमचं सगळ्यात लहान ऑर्किड आता नाही. मे महिन्यात साठवलेलं पावसाचं पाणी संपलं. तुम्ही नको म्हटलं होतं तरी मी बोरिंगचं खारं पाणी दिलं, अन् ते सडलं. ऑपरेशन होऊन चष्मा येईपर्यंत मोतीबिंदूमुळं तुमाले नीट दिसत नव्हतं. तुम्ही रोज विचारत होत्या, "फूल आलं का व, नीतू?" मले नाही म्हणता आलं नाही. तांदळाएवढं आलं, पांढरं आहे, असं सांगत राहिली. तुम्ही खूश होत होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक फूल सांगत होती.

रागवा, मी ऐकून घेईन. पण रुसून उपाशी राहू नका.

बाजूच्या सालीवरच्या झाडाले आज सकाळी मोहरीएवढं काही हिरवं दिसलं. कळी आहे की नवं पान, मले समजलं नाही. तुम्ही नीट पाहा, अन् संध्याकाळी मले सांगा.

नीतू