भाऊजींनी बंद करवलेली गोळी

मंगळवार, संध्याकाळ

आज मोठ्या भाऊजींना दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. वाईट वाटायला हवं का? नाही वाटून राहिलं.

उन्हाळ्यात ह्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट टाकला, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. भाऊजी कमानिया गेटजवळच्या कुण्या वैद्याचा काढा घेऊन आले. "काहून रोज ते जहर खाऊन राहिला? बंद कर." झालं. ह्यांनी मला न सांगता गोळी बंद केली.

परवा जेवता जेवता छाती धरून कोसळले. स्टेंटमध्येच रक्ताची गाठ झाली होती. गाठ काढली, जीव वाचला, पण हृदय कमजोर झालं ते झालंच.

डॉक्टरांनी विचारलं, "गोली किसने बंद करवाई?" हे छताकडे बघत राहिले. भावाचं नाव काही निघालं नाही.

आणि आज भाऊजी संत्री घेऊन हजर! म्हणे, "स्टेंटच नकली टाकला असेल, सुमन."

"स्टेंट चांगला होता," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "गोळी तुम्ही बंद करवली. घरीसुद्धा येऊ नका."

आत गेले तर ह्यांचा पहिला प्रश्न, "दादा नाही आला?"

"नाही," म्हटलं. गोळी दिली आणि गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून पाहिलं. भाऊजींवर ओरडून मोकळी झाले. ह्यांच्यावरचा राग मात्र तसाच आहे, आणि आजारी माणसावर ओरडता येत नाही.