जादा बिंदू

४ मार्च
आले एकदाची! खोली दुकानाच्या वरच आहे, ऐसपैस, आणि समोर बेकरी. गरम पावाचा वास थेट उशाशी येतो. आता वजन वाढलं तर दोष माझा नाही.
खाली दुकानात लोकांनी पाठवलेल्या फोटोंवरून स्टिकर आणि कागदी कातरकाम होतं. मालकिणीला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही. कापायच्या मशीनवर एक काका असतात. अबोल, पण हात चोख. माझं काम या दोघांच्या मधलं. संगणक फोटोवरून रेषा काढतो, पण त्याला अक्कल बेताची. कुत्र्याच्या नाकावर माशी बसलेली असली, तर तो माशीही नाकातच धरतो. सुरकुती, धूळ, सावली, दिसेल तिथे बिंदू ठोकून मोकळा. एवढे बिंदू राहिले तर पातं जागोजागी अडखळतं आणि कागद फाटतो. म्हणून मी बसून जादाचे बिंदू पुसायचे, रेषा गुळगुळीत करायची.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे धान्यातले खडेच वेचायचे की गं! आणि हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

६ मार्च
इथे प्रत्येकाने आधी स्वतःच्याच चेहऱ्यावर हात बसवायचा, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझा फोटो काढला, मी तो साफ केला. आपलं थोबाड एवढं मोठं करून पाहणं म्हणजे शिक्षाच. दोन भुवयांच्या मधे एक उभी आठी, तिच्यावर बिंदूंची नुसती झुंबड. ही आठी दादाच्या अपघातानंतरची. डोळ्यांखालचं काळंही तेव्हाचंच. पुसलं सगळं.
काकांनी ते काळ्या कागदात कापून दाराजवळच्या भिंतीवर लावलं, स्वतःच्या आणि वहिनींच्या चेहऱ्यांशेजारी. छान दिसते मी. कोणाची तरी वेगळीच मुलगी.

७ मार्च
काल गोळी न घेता झोप लागली. सकाळी आरशात पाहिलं तर आठी गेलेली. झोपेचा गुण, दुसरं काय.

१२ मार्च
कामाला वेग आला आहे. मान अवघडत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. चहा उकळता होता, तो मी बोलता बोलता गटागट पिऊन टाकला. नंतर पाहिलं तर जीभ पांढरी पडली होती. भाजल्याचं कळलंच नाही. वहिनी म्हणाल्या, सुरुवातीला नवल वाटतं, मग सवय होते.

१५ मार्च
काकांचा अंगठा पात्याखाली गेला. त्यांनी हात बाहेर काढला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला, फडकं गुंडाळलं आणि पुढचा कागद लावला. पांढऱ्या कागदावर लाल ओघळ. वहिनी मला म्हणाल्या, पूस गं, ओलं आहे तोवर निघेल. मी पुसलं.
वर आल्यावर लक्षात आलं की मी किंचाळायला हवं होतं.

१६ मार्च
जेवताना काकांना विचारलं, दुखत नाही का? ते म्हणाले, "बायको गेली तेव्हा दुखलं असेल. मग वहिनींनी फोटो काढला. त्यानंतर नाही." आणि मीठ मागितलं.
मला वाटलं, बरंय की.

१९ मार्च
आईचा फोन आला. म्हणाली, दादाला जाऊन आज वर्ष झालं. मी म्हटलं, हो का? तिने पुन्हा तारीख सांगितली, सावकाश. मग म्हणाली, उद्याच्या गाडीने येते.

२० मार्च
आई आली. दारातच माझ्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिली, अंधारात बटण चाचपावं तशी. मग म्हणाली, सामान बांध, उद्या सकाळी घरी चल, खड्ड्यात गेली ही नोकरी. रडत होती. मी पाहत होते. वहिनींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. रडून जरा शांत झाली, तेव्हा तिचा फोटो काढला.

२१ मार्च
सकाळी आई आवरत होती, म्हणून मी खाली गेले. पहिलंच काम तिच्या चेहऱ्याचं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत, ओठांच्या कडेला, गळ्यावर, बिंदूच बिंदू. चहा येईपर्यंत साफ करून टाकलं. काकांनी कापलं, भिंतीवर लावलं.
ओळखली होती मी तिला. तरी केलं.

२१, संध्याकाळ
आईने सामान बांधलंच नाही. दिवसभर खाली बसून चिमट्याने कागदाचे तुकडे काढत होती, गुणगुणत. मी मुद्दाम दादाचा विषय काढला. मान वरही न करता म्हणाली, "गेला ना तो. बरंच झालं, खोली मोकळी झाली. शिवणाचं मशीन मावेल तिथे."
हीच बाई त्याचा सदरा धुऊ देत नव्हती. वास जाईल म्हणून.
भीती वाटायला हवी. आत काही हलत नाही. पण अक्षर वाकडं येतंय. हातालाच काहीतरी कळलंय, मला नाही

२२ मार्च
आईचा चेहरा इस्त्री केल्यासारखा. वहिनींना म्हटलं, तिचं तिला परत द्या. त्यांना कळेचना. "अगं, परत कोण मागतं?"
माझ्या फोनमध्ये आईचा जुना फोटो होता, दादाला जाऊन महिना झाला तेव्हाचा. त्यावरून रेषा काढल्या. एकही बिंदू पुसला नाही. काका जेवायला गेले, तसं मशीन लावलं. पातं अडखळत, कागद ओरबाडत गेलं. भिंतीवरची गुळगुळीत आई काढली, ही फाटकी लावली —
आणि जिन्यातून आई ओरडली.

२२, पुन्हा
आई पायरीवर बसली आहे. बातमी आत्ताच आल्यासारखी. अगदी पहिल्यापासून. माझे पाय धरते, म्हणते, पूस गं, जे केलं होतंस ते कर, पूस —
पुसलं तर हसेल. शिवणाचं मशीन ठेवेल.
नाही पुसलं तर — ती एकटीच रडते आहे. मी शेजारी, दगड.
वहिनी खालच्या पायरीवर. हातात कॅमेरा. आईला हळू आवाजात समजावताहेत — मान वर कर, बाई, जरा वर —
मी मधे उभी राहिले. त्यांना ढकललं. आईला दुकानात ओढलं, दार लावलं.

माझाही जुना फोटो आहे. अपघाताच्या दिवशीचा, इस्पितळाच्या दारातला. भिंतीवरची गुळगुळीत मी काढली, हा एकही बिंदू न पुसता लावला मशीनवर. काका दाराच्या काचेपलीकडून म्हणताहेत, नको पोरी, सोसणार नाही. रडवेला आवाज. काकांचा —
आई मला घट्ट धरून आहे. एका हाताने लिहितेय.
पातं सुरू झालं. अजून काही नाही.
कागद फाटतोय —
भुवयांच्या मधे काहीतरी —
रस्त्याच्या कडेला एकच चप्पल. त्याची. मी उचलली होती, मी — आई गं — दा