गनीच्या बदल्यात

करामा, दुबई
शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६

ती. आक्कास,
गुणवंतचा सा. न. वि. वि.

धप्प. ओल्या चामड्याचा बॉल शाळेच्या मागच्या भिंतीवर आपटला की व्हायचा तो आवाज तुला आठवतो का? आपण जेवायला बसलेले असू. बाबांचा घास हातातच थांबे आणि ते म्हणत, हा आपल्या पेठेचा पाय नव्हे, पलीकडच्या पेठेचा. आज संध्याकाळी इथे गॅलरीत जुनी कवितांची वही चाळत बसलो होतो, तर खालच्या वाळूच्या पटांगणातून तोच धप्प वर आला. वही मिटली गेली. घटकाभर मी कोल्हापुरात होतो.

वाकून पाहिले तर आपला नातू, वेदांग. एकटाच, रागाने बॉल भिंतीवर मारत होता. त्या रागाची हकिकत लिहितो.

संजयने इथे करामा मित्र मंडळाचा फुटबॉल संघ बांधला आहे, हे तुला ठाऊक आहेच. तो स्वतः कप्तान. गुडघ्याला पट्टा बांधून मध्यभागी खेळतो आणि वेदांग डाव्या कडेने धावतो. दर शुक्रवारी सामना. वेदांगचा इथला हा शेवटचा हंगाम. बारावी झाली की तो पुण्याला कॉलेजात जाईल, मग बापलेक एका रंगाच्या जर्सीत पुन्हा कधी दिसायचे? मी मनाशी बरेच काही रंगवून ठेवले होते.

पण इथल्या स्पर्धेचा एक नियम आहे. बाद फेरीआधी दोन संघांना एकेका खेळाडूची अदलाबदल करता येते. माणसास माणूस. दोन्ही कप्तान आणि दोन्ही खेळाडू राजी हवेत, एवढीच अट. मुहैस्नाला कामगारांची मोठी वस्ती आहे, सगळे तिला सोनापूर म्हणतात. तिथला संघ तगडा. त्यांचा कप्तान भिकाजी परवा घरी आला आणि म्हणाला, आमचा गनी घ्या, तुमचा वेदांग द्या. हा गनी चाळिशीला टेकलेला. मधे उभा राहून सगळ्यांना बॉल वाटतो म्हणे. मंडळात दोन तट पडले आहेत. निम्मे म्हणतात, म्हातारा घोडा कशाला विकत घ्यायचा. निम्मे म्हणतात, आपल्याकडे पाय पुष्कळ आहेत, डोके एकही नाही. संजयचे म्हणणे, इमोशनल होऊन टीम चालत नाही, प्रॅक्टिकल डिसिजन घ्यावा लागतो. सूनबाई अपर्णा त्याच्याशी सध्या आमटी वाढण्यापुरते बोलते. वेदांगला विचारले, तर इंग्रजीतून म्हणाला की मला काही फरक पडत नाही, आणि बॉल घेऊन खाली गेला.

गनी कोल्हापूरचा आहे असे कळते. तू जन्मभर सामने पाहिलेस. सांग, नातू देऊन घ्यावा असा माणूस आहे का हा?

तुझी माया आजवर होती तशीच असू दे.
तुझा,
गुणवंत

कोल्हापूर
२१ ऑक्टोबर १९९६

चि. गुणवंतास आक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचले. भिंतीवरच्या बॉलचा परिच्छेद पेन्शनर मास्तरला शोभेलसा आहे. पुढच्या वेळी आधी बातमी लिही, मग भिंत.

गनीला मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? एकोणऐंशीची फायनल. पलीकडच्या पेठेकडून खेळला. मिसरूड फुटलेला, डोक्यावर केसांचा कोंबडा. सबंध सामनाभर मधल्या गोलात असा उभा, जसा काही बसची वाट बघतोय. लेका, तो पळत नव्हता, बाकी सगळ्यांना पळवत होता. आपण दोन गोलांनी हरलो. वर त्यांनी मिरवणूक मुद्दाम आपल्या गल्लीतून नेली, आणि हा कुणाच्या तरी खांद्यावर बसून माझ्या गॅलरीकडे बघून हसला. मी धुण्याची बादली उपडी केली. निळीचे पाणी होते. आठवडाभर कोंबडा निळा होता असे दूधवाला सांगत होता. त्या पेठेच्या खेळाडूने माझा उंबरा ओलांडायचा नाही, असे त्या दिवशी ठरवले, ते आजतागायत मोडलेले नाही. भाजीवालीसुद्धा मी पेठ विचारून लावते.

आता तुझा प्रश्न. गनी घ्या, डोळे मिटून घ्या. असा माणूस संघात असला की बाकीचे दहा जण एकदम शहाणे दिसायला लागतात. पण वेदांगला देऊ नका. आपल्याकडे पेठ बदललेल्या खेळाडूला घरचे लोक जेवायला वाढतात, पण पुढचा भात विचारत नाहीत. ते पोर बोलत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असे समजू नकोस. ज्याला फरक पडत नाही तो भिंत बडवत नाही. मैदानावर जाशील तेव्हा वही घरी ठेव आणि त्याच्याकडे नीट बघ.

सुनबाईस आशीर्वाद. आमटी वाढते आहे तोवर काळजी नाही.
आक्का

करामा
शुक्रवार, १ नोव्हेंबर १९९६

ती. आक्कास सा. न.

तुझ्या आज्ञेप्रमाणे आधी बातमी. मी सोनापूरला जाऊन गनीला भेटलो.

घरात कुणाला न सांगता टॅक्सी केली. मनात साधा हिशेब होता: खेळाडू राजी नसेल तर अदलाबदल खलास. तेव्हा गनीलाच नाही म्हणायला लावायचे. तो क्रेन चालवतो. केस काळे कुळकुळीत रंगवलेले, खोलीत आरसा भला मोठा. मला कॉटवर बसवून त्याने सुलेमानी चहा पाजला, माझे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की काका, तुमचा नातू कुठे जातो याच्याशी मला कर्तव्य नाही, पण मी करामाला येणारच. कारण विचारले. म्हणाला, तुमच्या सूनबाई हाफटाइमला कांदेपोह्यांचा डबा उघडतात तो वास पलीकडच्या गोलपर्यंत येतो. दोन वर्षे तो वास नाकात घेऊन मी तुमच्याविरुद्ध खेळलो, आता तुमच्याकडून खेळू द्या. मी चहा संपवला.

मग गावाकडच्या गोष्टी निघाल्या. मी आपली गल्ली सांगताच त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला. त्या निळीवाल्या बाई अजून आहेत का, असे त्याने जपून विचारले. आहेत, माझी थोरली बहीण, आणि उंबऱ्याचा नियमही आहे, असे मी सांगितले. तो बराच वेळ हसत होता.

आता दुसरी गोष्ट. आज सामन्याला वही नेली नाही. अपर्णाशेजारी चटईवर बसून फक्त वेदांगकडे बघितले. आक्का, तो डावीकडून मोकळा धावतो, हात वर करतो, क्षणभर तसाच धरतो आणि खाली घेतो. बॉल येत नाही. पुन्हा धावतो, पुन्हा हात. संजय बॉल घेतो तो उजवीकडे सुजीतला देतो, कॉलेजपासूनची दोघांची सवय. नाहीतर स्वतःच गोलवर मारतो. यात दुष्टावा नाही. त्याची मान त्या बाजूला वळतच नाही. अपर्णा पोह्यांवर खोबरे पसरता पसरता म्हणाली की बाबा, मी हा हात दोन वर्षे बघते आहे.

माझ्या वर्गात असे एक पोर नेहमी असे. कवितेची पुढची ओळ त्याला येत असते, ते हात वर करून बाकावर अर्धवट उठते, आणि मास्तर खिडकीकडच्या हुशार मुलालाच विचारतात. किती वर्गांत किती हात असे खाली गेले असतील, कोण जाणे. वेदांगला जायचेच आहे की काय, असे आता वाटू लागले आहे. सोनापूरला निदान कुणी बॉल तरी देईल. पण शेवटच्या हंगामात बापाने आपल्याला देऊन टाकले, ही गोष्ट घेऊन तो पुण्याला जाईल, ते मला सोसवत नाही. संजयला सांगायला जीभ उचलत नाही. बाद फेरी बावीस तारखेला, तोवर ठरवायचे आहे. तूच काय ते सांग.

नेहमीप्रमाणे तुझ्याच भरवशावर,
गुणवंत

कोल्हापूर
लक्ष्मीपूजन, १० नोव्हेंबर १९९६

चि. गुणवंतास आशीर्वाद.

करंज्या तळायच्या सोडून लिहिते आहे, म्हणून थोडक्यात.

सबंध आयुष्य पोरांना कविता शिकवलीस, पण साधा नियम तुला नीट वाचता आला नाही. माणसास माणूस, एवढेच ना? त्यात वेदांगचे नाव कुठे लिहिले आहे? गनीला मधे उभे राहायचे आहे. तुमच्या मधे आधीच एक जण उभा आहे. तो उठल्याशिवाय हा कुठे बसणार? खालचे चार शब्द संजयला दे. तुझी जीभ उचलत नाही ना, मग कागद उचल.

चि. संजय, तू लहान असताना मोठ्या भावंडांच्या सामन्यात तुला कुणी बॉल देत नसत, म्हणून तू माझ्या पदराला नाक पुसत रडला होतास. मी गल्लीत उतरले, बॉल काखेत मारला आणि तुला दिल्याशिवाय खेळ सुरू होऊ दिला नाही. आता मला तिथे उतरता येत नाही. गनीच्या बदल्यात तू जा. उंच आहेस, डोक्याने चांगला मारतोस, त्यांच्या मागच्या फळीत शोभशील. तुझी आक्काआत्या.

दिवाळीचे सर्वांना गोड आशीर्वाद.
आक्का

करामा
३ डिसेंबर १९९६

ती. आक्कास सा. न.

आधी बातमी. करामा मित्र मंडळ फायनलमध्ये दोन-एकने हरले. आणि कप आपल्याच घरात, फ्रिजवर आहे.

तुझी चिठ्ठी संजयने उभ्याउभ्या वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि जेवायला बसला. मग गॅलरीत जाऊन खालच्या पटांगणाकडे बघत राहिला. आत आला तेव्हा अपर्णाला म्हणाला, तुला हे माहीत होते तर सांगितले का नाहीस? अपर्णा म्हणाली, सांगितले होते, तेव्हाही तू सुजीतकडेच बघत होतास. त्यावर तो हसला, आणि मला हायसे वाटले.

सोनापूरच्या मागच्या फळीतला उंच गडी लग्नासाठी गावी गेलेला, त्यामुळे भिकाजी एका पायावर तयार झाला. गनीने आधी पोह्यांची बशी संपवली, मग होकार दिला. संजय ऑफिस सुटले की गाडी काढून सोनापूरला सरावाला जाऊ लागला. यायचा तो वाळूने माखलेला, आणि अगदी गप्पिष्ट होऊन.

काल इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी, आणि फायनल नेमकी या दोन संघांत. गनी तू लिहिलेस तसाच उभा होता, बसची वाट बघत. सुरुवातीलाच वेदांगने डावीकडून धाव घेतली आणि हात वर केला. गनीने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. पाऊल नुसते वळवले, आणि बॉल पोराच्या पुढ्यात. समोर संजय. वेदांग बापाच्या डाव्या अंगाने निघाला, संजय वळता वळता वाळूत बसला, आणि गोल. अपर्णाने डबा उघडाच टाकून माझा हात धरला. मला एक ओळ सुचत होती, पण आक्का, खरे सांगतो, ती मी पुरी होऊ दिली नाही. बघत राहिलो.

पुढे सोनापूरने दोन गोल केले. दुसरा कॉर्नरवर, संजयच्या डोक्याने. सामना संपल्यावर वेदांग त्याच्याकडे गेला आणि चक्क मराठीत म्हणाला की बाबा, तुम्ही आमचा कप चोरलात. संजय म्हणाला, तू मला वाळूत बसवलेस ते आधी फेड. भिकाजीने कप आठवडाभर आमच्याकडे ठेवायला दिला आहे.

पेठ बदलली तरी अपर्णाने काल पुढचा भात विचारला. संजयलाही आणि जेवायला आलेल्या गनीलाही.

लोभ आहे तो असाच वाढत राहो.
गुणवंत

कोल्हापूर
१४ डिसेंबर १९९६

चि. गुणवंतास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचले. तिसऱ्यांदा शेजारच्या हमीदाला मोठ्याने वाचून दाखवले, तिने गोलाच्या जागी टाळी वाजवली. गनी घेऊनही हरलात, याला काय म्हणावे? त्या माणसाच्या नशिबात आमच्या घराला हरवणेच आहे, इकडून खेळो की तिकडून. वेदांगला सांग, पुण्याहून कोल्हापूर काही लांब नाही, इथे शाळेमागची भिंत अजून उभी आहे. आवाज ऐकून मी पाय ओळखेन. बाबांची विद्या माझ्याकडे आली आहे, तुझ्याकडे नुसत्या कविता आल्या.

एवढे लिहिले आणि कडी वाजली. गॅलरीतून वाकून पाहिले, आणि परत येऊन या ओळी लिहिते आहे. खाली गनी उभा आहे. केस खरेच कुळकुळीत. हातात खजुराचा डबा, काखेत वेदांगने मला पाठवलेली करामाची जर्सी. मी बोलायच्या आत म्हणाला की सुट्टीवर आलोय, मास्तरांनी नियम सांगितलाय, उंबऱ्याबाहेरूनच देऊन जातो. आणि मग मान वर करून, दोन पावले मागे सरकून, विचारले की बादली रिकामी आहे ना.

रिकामी आहे म्हणाले. जरा थांब, असेही म्हणाले. ही पेठेची बाब आहे, घाईने ठरवता येत नाही.

लोभ आहेच. आता उठते. दार उघडायचे आहे आणि पोहे भिजत घालायचे आहेत.
आक्का