फाटकावरची झडती

हिंगणघाट,
१४ डिसेंबर २०२४

अहो,

सप्रेम जयभीम. आपल्या पौर्णिमाकडे सगळे मजेत. नातीची परीक्षा संपली. शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालता ना?

पत्र कशाला, म्हणाल. फोनवर मला खोकला येतो आणि तुम्ही "राहू दे, मंग बोलू" म्हणता, म्हणून. शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशाखाली ठेवावं. मी तीन रात्री ठेवलं. राग तेवढाच आहे.

नातीच्या परीक्षेसाठी जाते, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. लेकीने मला डॉक्टरांना दाखवायला बोलावलं होतं. छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. तरुण डॉक्टरीणबाई. रिपोर्ट पाहून तिने विचारलं, "आजी, दिवसाला किती सिगारेटी ओढता?"

मी म्हटलं, "दीड पाकीट."

पौर्णिमा ओरडली, "आई, काहीही काय सांगून राह्यली!"

काहीही नाही. तुमचं दीड पाकीट चौतीस वर्षं मीही ओढलं. क्वार्टरच्या दोन खोल्यांत ओढलं, आता स्वतःच्या घरात ओढते. "तुले काऊन तरास होते? धूर तं खिडकीबाहेर सोडून राह्यलो!" हे तुमचं ठरलेलं उत्तर.

माझ्या श्वासनळ्या आकसल्या आहेत. गेलं ते परत येत नाही, उरलेलं जपा, धुराच्या घरात राहू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाली.

आता सुटत नाही, हे मला सांगू नका. पुलगावच्या डेपोत एकतीस वर्षं तुम्ही फाटकावर काडेपेटी जमा करून, झडती देऊन आत गेलात. आत दारूगोळा, म्हणून आठ तास एकही नाही. एकदा तरी चुकलात? मी सकाळी बडीशेपेची डबी भरून द्यायचे, संध्याकाळी रिकामी यायची. सुटीचा भोंगा झाला की मी पावडर लावून दारात उभी. काय अभिमान वाटायचा तुमच्या सायकलीचा! आणि तुम्ही फाटकाबाहेर आधी ती पेटवायचात, मग घरी यायचात.

दारूगोळ्याला जपलंत. माझ्या छातीला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणते, एक तारीख ठरवा, घरातली पाकिटं त्या दिवशी फेकून द्या. तलफ पाच-दहा मिनिटांची असते, तेवढी टाळा. लागलं तर निकोटीनचं च्युइंगम ती लिहून देईल. पाकिटावर मदतीचा फोन नंबरही छापलेला असतो. चष्मा लावून वाचा. तारीख मात्र तुम्ही ठरवायची, आणि मला कळवायची.

हे पत्र जावयांच्या हाती देते आहे. सोबत तुमची जुनी डबी आहे, बडीशेप भरून.

तारीख कळली की मी येईन. आपल्या घराच्या फाटकावर थांबेन. झडती मी घेणार. खिशात काडेपेटी निघाली, तर त्याच पावली परत.

अजूनही भोंग्याकडे कान असलेली,
सुलोचना