अबोला, ईस्टरपर्यंत

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये मिस्सा. फादरांनी कपाळाला राख लावली, तू माती आहेस हे ध्यानात ठेव म्हणाले. ठेवले. तिथून थेट कामावर, चष्म्याच्या दुकानात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, काका, कपाळाला काच घासायच्या मशीनची धूळ लागली आहे. ओल्या फडक्याने पुसूनही टाकली. सांगणार होतो, पण उपवासकाळात कुणाला ओशाळे करू नये.

ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात आवडीचे काहीतरी सोडायचे असते; या वर्षी काय सोडायचे ते ठरले आहे. चहा सोडणारे, गोड सोडणारे पुष्कळ आहेत. मी हिच्या फोटोशी बोलणे सोडणार.

कारण लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात लेकीशी बोलून झाल्यावर फोन बंद करायचा राहिला. भाजीत मीठ जास्त पडले का असे मी हिला विचारत होतो, ते तिने तिकडे ऐकले. पुढचेही ऐकले. ही जाऊन वर्ष होत आले तरी बाबा अजून फोटोशी बोलतात, यावर लेक आणि जावई यांची खलबते झाली. निकाल असा: दोघे ईस्टरला येणार. तोवर बाबा ताळ्यावर आले तर ठीक. नाही तर हे घर भाड्याने द्यायचे आणि बाबांनी त्यांच्याकडे राहायला जायचे.

मी इथून हलणार नाही. त्यासाठी ईस्टरपर्यंत अबोला. अवघड काही नाही. संसारात आमचे अबोले पुष्कळ झाले, आणि तेव्हा तर ही समोर बसून जेवत असे.

१९ फेब्रुवारी

बोललो नाही.

रात्री: दिवा घालवताना 'बरं मग' म्हणालो. ते सवयीने. ते बोलण्यात धरत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

उपवासकाळात रविवार मोजत नाहीत. हे माझे मत नाही, चर्चचाच हिशेब आहे. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. तेव्हा हिला सगळे सविस्तर सांगितले. राख पुसल्याचे सांगितले. ही खूप हसली असती. मग बाईंची बाजूही घेतली असती.

उद्यापासून कडक.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट. भिंतीवरच्या चौदाही स्थानांपुढे गुडघे टेकले. उठताना पुढच्या बाकाला धरावे लागले, पण उठलो. निश्चय पक्का होत चालला आहे.

एक मुद्दा आज लक्षात आला. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. म्हणजे रविवार शनिवारी संध्याकाळीच लागतो. शुक्रवारचे काही निघते का, ते बघितलेले नाही.

३ मार्च

दुकानात बाईंनी जरा बोलून दाखवले. मी मागच्या खोलीत काचा घासत असतो, त्या पुढे गिऱ्हाइके बघतात, मधे नुसता पडदा आहे. वरच्या मजल्यावरचा नळ गळतो, दूधवाल्याने पिशवी दुसऱ्याच दाराला लावली, माझ्या कोटाचे बटण कुठे पडले असेल, हे मी मशीन चालवता चालवता त्यांना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "काका, अठरा वर्षांत दिवसाला चार शब्द ऐकले तुमचे. आता रेडिओ लावल्यासारखं चाललंय. हे सगळं घरी सांगत जा की."

आणि मग त्यांनी जीभ चावली. थोड्या वेळाने न मागता चहा आणून ठेवला. बिस्किटेही. बाई मनाने वाईट नाहीत. घरी सांगायला मला बंदी आहे, हे त्यांना कसे माहीत असणार?

१० मार्च

एका शिक्षिकेचा चष्मा परत आला. काच फ्रेममध्ये आडवी बसवायची ती मी तिरकी बसवली. त्यांना म्हणे शाळेचा जिना एका अंगाला कलंडलेला दिसत होता, आणि त्या दोन दिवस भिंतीला धरून उतरत होत्या. माझ्या हातून असे कधी झालेले नाही. मालकांनी नुसती नवी काच पुढे ठेवली, तेच लागले. पूर्वी मी काच बसवताना हिच्याशी मनात बोलत असे, त्यामुळे हात स्थिर राहायचा. मनातले बोलणे सोडायचे ठरले नव्हते, पण मी आपणहून तेही सोडले होते. अति केले. उद्यापासून मनातले चालू.

१३ मार्च, शुक्रवार

पापनिवेदनाला गेलो. सांगितले, व्रत वारंवार मोडतो. फादरांनी विचारले, कसले व्रत. सांगितले. जाळीच्या पलीकडे खुर्ची करकरली. मग त्यांनी विचारले की हे सोडायला तुम्हाला कुणी सांगितले. म्हटले, कुणी नाही, लेक ईस्टरला येणार आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "सोडायचं ते देवासाठी सोडायचं असतं, काका. तुम्ही लेकीला दाखवायला सोडलंय." बायकोची आठवण काढणे हे पाप नाही, त्याबद्दल क्षमा देता येत नाही, असेही म्हणाले. त्यापेक्षा चहातली साखर सोडा, आणि मृतांसाठी एक प्रार्थना म्हणा.

फादर तरुण आहेत. अनुभवाने कळेल.

साखर सोडली.

१४ मार्च

साखर घेतली. शनिवार संध्याकाळ.

१९ मार्च, संत योसेफाचा सण

मोठा सण, उपास शिथिल. योसेफ हा नवऱ्यांचा, कारागिरांचा आणि चांगल्या मरणाचा आश्रयदाता. तिन्ही खाती माझ्या घराशी संबंधित. अख्ख्या शुभवर्तमानात हा माणूस एक शब्द बोलत नाही. त्याच्या सणाला बोलायची मुभा घेणे कसेसेच वाटले. पण मुभा ती मुभा. अकरापर्यंत बोललो.

२१ मार्च, शनिवार

आज उपाय सापडला. चर्चमध्ये सगळे पुतळे आणि क्रूस जांभळ्या कापडाने झाकले. दरवर्षी या सुमारास झाकतात, ईस्टरच्या रात्री उघडतात. मी शिडी धरायला गेलो होतो. घंटा वाजवणारे आजोबा वर चढले होते. डोळ्यांनाही उपास हवा, म्हणून हे झाकायचे, असे ते वरून म्हणाले. मला चर्चमध्ये जन्म गेल्यावर आज कळले. एक लहान कापड उरले होते, संत अंतोनीच्या छोट्या पुतळ्याचे, तो पुतळा रंगवायला गेला आहे. मागून घेतले.

घरी येऊन हिचा फोटो झाकला. चारी बाजूंनी नीट बसले. आता समोर कुणी नाही, तर बोलणार कुणाशी? हे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. लेकीला दाखवायलाही चांगले. प्रयत्न दिसेल.

२२ मार्च, रविवार

पेच. रविवार मोकळा, पण चर्चमध्ये पुतळे रविवारीही झाकलेलेच असतात. कापड काढता येत नाही. कापडावरूनच बोललो.

२४ मार्च, मंगळवार

कापडाशी बोलणे म्हणजे फोटोशी बोलणे नव्हे. हे कुठलेही कोर्ट मान्य करील. त्यामुळे आता वाराची अडचण राहिलेली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ थोडे बोलतो. समोर खुर्ची ठेवली आहे, उभ्याने पाय दुखतात. चहा दोन कप करतो, कारण एका कपाचा अंदाज मला अजून येत नाही. दुसरा नंतर मीच पितो.

२७ मार्च, शुक्रवार

दुकानात एक बाई जुन्या वळणाची फ्रेम मागायला आल्या. हिची तशी होती. तपकिरी की काळी, आठवेना. मीच निवडलेली, काच मीच बसवलेली, तिचे स्क्रू मी किती वेळा पिळले असतील. दुपारभर आठवेना. जेवायच्या सुट्टीत घरी आलो आणि कापड वर करून बघितले. तपकिरी.

बघणे सोडलेले नाही. बोलणे सोडले आहे. नियम मोडलेला नाही.

दुकानात परतायला उशीर झाला.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

लेकीचा फोन. शनिवारी दुपारी पोचतो म्हणाली. अडखळत विचारले, बाबा, तुम्ही अजून बोलता का. म्हटले, फोटोशी एक शब्द नाही. खरे तेच सांगितले. शपथ, असे ती म्हणाली. चर्चला जाऊन आलेल्या माणसाला शपथ घालू नये, असे सांगून विषय बदलला. आवाजावरून समाधान झालेले दिसले.

घर राहते.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

संपूर्ण मौन. कडक उपास. दुकान बंद. क्रूसाचे चुंबन घ्यायला रांगेत उभा राहिलो, पुढच्या माणसाने वाट विचारली तर हाताने दाखवली. दिवसभर एक अक्षर काढले नाही. या उपवासकाळातला माझा सगळ्यात यशस्वी दिवस.

संध्याकाळी घरी येऊन हिला ते सांगितले.

४ एप्रिल, शनिवार

दोघे आले. जावई सामान आत घेत होता. लेक चपला न काढताच फोटोच्या खोलीत गेली.

मी शाबासकीची वाट बघत दारात उभा होतो. तिने जांभळे कापड बघितले, समोरची खुर्ची बघितली, दोन कप बघितले. मी समजावून सांगितले की चर्चमध्येही असेच असते, आणि कापड अंतोनीचे आहे. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, आईचं तोंड झाकलंत तुम्ही?"

एवढेच. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत होती. भांडी मी सकाळीच घासली होती. जावई माझ्याकडे न बघता कपाटाची उंची मोजत होता. लिफ्टमध्ये उभे मावेल का, आडवे करावे लागेल, असे स्वतःशीच म्हणत होता. स्वतःशी बोलणाऱ्याला या घरात कुणी काही म्हणत नाही.

तिला बहुतेक प्रवासाचा शीण आला असावा. उद्या कापड निघाले की सगळे सुरळीत होईल. पहिले वाक्य काय बोलायचे ते तयार आहे. आठवडाभर घोळवले आहे.

५ एप्रिल, ईस्टर

रात्री जागराची मिस्सा झाली. अंधारात मेणबत्त्या, मग ग्लोरियाचे गीत, घंटा, सगळी कापडे खाली. इतके दिवस न म्हटलेले आलेलुया लोकांनी मोठ्याने म्हटले. शुभवर्तमानात बायका कबरीपाशी येतात आणि देवदूत त्यांना सांगतो, तो येथे नाही. माझ्या शेजारी लेक उभी होती. तिने माझी बाही धरली होती, लहानपणी धरायची तशी. तिच्या मेणबत्तीचे मेण माझ्या कोटावर सांडले ते मी लगेच सांगितले नाही.

घरी येऊन कापड काढले. खुर्चीवर बसलो.

वाक्य आले नाही. थांबलो. घसा साफ केला. दुसरेही आले नाही. लेक दारात होती. म्हणाली, "बोला ना बाबा. मी काही म्हणणार नाही." आता सगळ्यांची परवानगी होती, देवाची, फादरांची, लेकीची. हिच्याकडे बघितले. नुसता फोटो होता.

मी उठलो तशी लेक खुर्चीवर बसली आणि बोलू लागली. आई, बघ ना गं यांचं, अशी सुरुवात केली. घराचे सांगितले, कपाटाचे सांगितले, बाबा एकटे नुसते चहा पिऊन राहतात म्हणाली. एका दमात. तिला कुठेच अडखळायला झाले नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि बंद केला.

६ एप्रिल, सोमवार

लेकीची अवस्था मला ठीक वाटत नाही. फोटोशी बोलते. रडते. जावई दिवसभर कामावर, त्याच्या ते लक्षात येत नसावे. अशा वेळी घरातले मोठे माणूस जवळ असलेले बरे. तेव्हा तिच्याकडे काही दिवस जाऊन राहायचे मी ठरवले आहे. निर्णय सर्वस्वी माझा. तसे दोघांना सांगितले. दोघांनी लगेच मान्य केले.

घर भाड्याने द्यायला हरकत नाही, बंद घर खराब होते. दुकानात सांगून आलो. मालकांनी माझा छोटा स्क्रूड्रायव्हर आठवण म्हणून मलाच दिला. बाई पडद्याआड गेल्या, बाहेर आल्या नाहीत.

दुपारी सामान बांधले. फोटो लेकीने आपल्या शालीत गुंडाळून आपल्या बॅगेत ठेवला.

माझ्या बॅगेत जागा होती.