दुसरा खंड पाटावर

॥ श्री सप्तकोटेश्वर प्रसन्न ॥
आमोणे, १८ सप्टेंबर १९८७

चि. सौ. कमलाक्षीस, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून उभा राहिलो तो अजून खाली बसलेलो नाही! सासूबाई सरस्वतीपूजेत एक पोर्तुगीज पुस्तक मांडतात आणि त्याच्या पुठ्ठ्यावर सोनेरी द्राक्षांचा घोस आहे, हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर सांगतेस? अगं, तसाच घोस असलेला पहिला खंड माझ्याकडे आहे. पोर्त वाइनवरची जुनी पुस्तकं मी तीस वर्षं जमवतोय. या दुसऱ्या खंडासाठी पणजीपासून मडगावापर्यंत सगळी रद्दी पालथी घातली. फसफसत्या द्राक्षरसात ब्रांडी ओतून त्याची गोडी राखतात, नेमका तिथेच पहिला खंड संपतो!

थेंबही न चाखलेल्या पेन्शनर मास्तराला हे वेड कशाला, असं तुझी वहिनी रोज विचारते. गावात मराठीवाले आणि कोंकणीवाले राजभाषेवरून भांडतात. मी पोर्तुगीज वाचतो म्हणून दोघेही माझ्यावर रागावलेले.

पण घाई आहे. उजवा डोळा गेलाच. डाव्याचं ऑपरेशन १२ ऑक्टोबरला. नंतर किती दिसेल, डॉक्टर सांगत नाहीत. त्याआधी मला ते वाचायचंच आहे. पुठ्ठ्यावरची अक्षरं उतरवून पाठव.

लोभ आहेच, त्यात पुस्तकाची भर घाल.
तुझा गोकुळदासदादा

चोपडे, २९ सप्टेंबर १९८७

ती. दादांस, कमलाक्षीचा शि. सा. न. वि. वि.

अक्षरं सोबत पाठवलीत. शेवटचे ते दोन उभे खांब म्हणजे रोमन आकड्यातले दोनच ना? मग तेच! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

पण काल पुस्तक पाटावर बसलं. दसऱ्याला पूजा उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एरवीही ते देवघरात लाल फडक्यात असतं. मामंजी म्हणे रोज संध्याकाळी सोप्यावर बसून ते वाचायचे. येणारे-जाणारे सगुणबाब म्हणून हात जोडायचे. ते गेल्यापासून वीस वर्षं सासूबाई त्या पुस्तकाला हळदकुंकू वाहतात. सगळे ते धर्माचं समजतात. दारूचं आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? चिडून पुस्तक फेकायचंच म्हटलं तर शापोरा नदी चार पावलांवर आहे.

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्ताने तुम्हीच या आणि तुम्हीच सांगा. शिवोलीहून फेरीबोट आहेच. मी भाज्यांचं खतखतं करते.

माया आहे तशीच ठेवावी आणि भित्र्या बहिणीला हसू नये.
आपली कमलाक्षी

आमोणे, ९ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. कमलाक्षीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याला तू शेजारी सोनं वाटायला गेलीस, तेवढ्यात जे घडलं ते सांगायचं राहिलं. नंतर घर पाहुण्यांनी भरलं.

तुझ्या सासूबाईंनी फुलं बाजूला करून पुस्तक माझ्या हातात दिलं आणि वाचून दाखवा म्हणाल्या. मी उघडलं. कमू, पहिली काही पानं सोडली तर बाकी सगळी कडेला जोडलेली! जुनी पोर्तुगीज पुस्तकं तशीच यायची. सुरीने पानं कापल्याशिवाय वाचताच येत नाहीत. म्हणजे सगुणबाबांनी ते कधी वाचलंच नव्हतं. मी ते मिटायला लागलो.

तेव्हा तुझ्या सासूबाई, जानकीबाईच शांतपणे म्हणाल्या, की त्यांना पोर्तुगीज येत नव्हतं, हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. फिरंगी राज्यात चार माणसांत मान राहावा म्हणून ते बिचारे पुस्तक घेऊन बसत. ते गेल्यावर कुणी उघडून बघू नये, म्हणून मी ते देवापाशी ठेवलं.

मग मीही सांगून टाकलं, की हे पुस्तक दारूचं आहे. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. आतून सुरी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, घेऊन जा, डोळे आहेत तोवर वाचा. सुनेला सांगा, मुलाला मात्र नको, एवढीच अट. तेव्हा हे पत्र वाचून चुलीत घाल.

सात दिवस मी पानं कापत होतो आणि वाचत होतो. काय पुस्तक आहे! जेवायची शुद्ध नव्हती. तुझ्या पार्वतीवहिनीने दोनदा पेज गरम केली. काल संध्याकाळी संपलं. आता डोळ्याचं जे व्हायचं ते होवो. सोमवारी माझ्यासाठी देवाला एक गाऱ्हाणं घाल, आणि दादावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा गोकुळदासदादा

ता. क. पुस्तक परत पाठवतोय. वाचून झालं की शेवटच्या पानावर नाव-तारीख घालायची माझी सवय आहे. तारीख कालची घातली, साल मात्र तुझ्या मामंजींच्या हयातीतलं. नाव घातलं सगुण चोपडेकर. आता ते सोप्यावर ठेव. कुणीही उघडून बघू दे.